वनस्पतिजन्य नॅनोकण आणि सौर घट : एक चिकित्सा

वनस्पतींच्या अर्कापासून नॅनोकण तयार करण्याच्या संशोधनाला आपल्याकडे चांगली पार्श्वभूमी आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३-०४ मध्ये जिरेनियम, कडुनिंब, गवती चहा यांच्या अर्कातून चांदी-सोन्याचे कण मिळविले. तेथे अर्काचे कार्य स्पष्ट होते : धातूच्या आयनांचे क्षपण.

सौर घटासाठी जस्त ऑक्साइड बनविणाऱ्या नंतरच्या अनेक निबंधांविषयी तसे म्हणता येत नाही. कृती बहुधा ठरलेली असते. झिंक नायट्रेटच्या द्रावणात अर्क मिसळायचा, कॉस्टिक सोडा घालायचा आणि मिळालेला साका ४०० ते ५०० अंश सेल्सिअसला भाजायचा. आता जस्त नायट्रेटमध्ये +२ अवस्थेत असते आणि ऑक्साइडमध्येही त्याच अवस्थेत राहते. म्हणजे क्षपण झालेलेच नाही! तरी 'पॉलिफेनॉलमुळे क्षपण झाले' हे वाक्य एका निबंधातून दुसऱ्यात उतरत जाते. साका सोड्याने पाडला, सेंद्रिय द्रव्य भट्टीत जळाले. कणांच्या आकारावर अर्काचा परिणाम होऊ शकतो, हे मान्य. परंतु अर्काविना केलेला प्रयोग शेजारी असल्याशिवाय ते सिद्ध होत नाही. नेमका तोच पुष्कळदा गाळलेला असतो.

पुढचा मुद्दा घटाचा. जस्त ऑक्साइड मुख्यतः अतिनील किरण शोषते, म्हणून त्यावर रंजकाचा थर द्यावा लागतो. ओ'रेगन व ग्रेट्झेल यांनी १९९१ मध्ये टायटॅनियम डायऑक्साइड व रुथेनियमयुक्त रंजक वापरून सुमारे ७ टक्के कार्यक्षमता दाखविली होती. वनस्पतिज रंजकांचे घट बहुधा १-२ टक्क्यांखालीच राहतात. अशा वेळी समजा ०.३ चे ०.४ टक्के झाले, तर '३३ टक्के वाढ' असे लिहिणे गणिताने बरोबर, पण वाचकाची दिशाभूल करणारे आहे. किती घट मोजले व त्यांत फरक किती पडला, हे आधी सांगावे. शिवाय वाहक काच, प्लॅटिनम, आयोडीनचे द्रावण तसेच राहते. 'हरित' हे विशेषण एका चिमूटभर भुकटीपुरतेच उरते.

सीमाभागातील विद्यार्थी पदरचे पैसे मोजून नमुने तपासणीला पाठवितात, म्हणून हे लिहावे लागते. निपाणीच्या तंबाखूचा चुरा वा काड्या वापरण्याची कल्पना कोणालाही सुचेल, आणि ती वाईट नाही. पण तंबाखूचे पान जात, माती, हंगाम यांनुसार बदलते. त्याची नोंद ठेवावी, आणि त्याच दिवशी, त्याच भट्टीत अर्काविना केलेला एक नमुनाही भाजावा. खर्च वाढतो तो एका मुशीचा आणि एका जादा तपासणीचा.