पटाईत आणि प्रेक्षक

नाशिकच्या मिरवणुकांतले दांडपट्ट्याचे खेळ मी आवडीने पाहतो. पण त्यांची मांडणी फसते. ढोल आरंभापासूनच टिपेला आणि पट्टाही. मग शेवटी लिंबू कापले गेले तरी बघ्यांना त्याचे काय! पट्टेकऱ्याचा हात लोखंडी मुठीत जखडलेला. मनगट वळत नाही, वार खांद्यातून काढावा लागतो. हे आधी संथपणे दाखवावे, वेग मागाहून वाढवावा आणि लिंबाच्या क्षणी ढोल थांबवावा. १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने बर्लिनच्या परक्या प्रेक्षकांपुढे देशी खेळ मांडले. आमचे प्रेक्षक घरचे. पण त्यांनाही ही विद्या आता परकीच. ‘पटाईत’ हा शब्द जिने मराठीला दिला, तिचे अवघडपण मुलांना कळलेच नाही, तर उद्या पट्टा हाती घेणार कोण?