तालुका हे परिमाण : मालवणच्या गॅझेटियर-वर्णनाची चिकित्सा

जेम्स कॅम्बेल यांच्या संपादकत्वाखाली १८८० मध्ये प्रसिद्ध झालेला रत्नागिरी व सावंतवाडी यांचा गॅझेटियर आणि रत्नागिरी जिल्हा गॅझेटियरची १९६२ ची सुधारित आवृत्ती हे दोन्ही ग्रंथ दक्षिण कोकणाच्या अभ्यासकाला अपरिहार्य आहेत. माहितीचा विस्तार व तिची शिस्त यांबाबत त्यांचे ऋण मान्य केलेच पाहिजे. तथापि ज्या परिमाणाने ही माहिती मोजली गेली, त्या ‘तालुका’ या परिमाणाची चिकित्सा करणे अगत्याचे आहे.

कॅम्बेल यांच्या खंडात प्रत्येक पोटविभागाचे वर्णन सीमांपासून सुरू होते. क्षेत्रफळ, भूरूप, हवामान, पाणी, जमीन व धारा ही अंगे त्यानंतर येतात. या क्रमामुळे असा समज होतो की, सीमा निसर्गानेच आखली आणि महसूल खात्याने ती केवळ नोंदली. मालवणचा इतिहास या समजाला आधार देत नाही.

मसुऱ्याचा भरतगड गड नदीच्या खाडीच्या दक्षिण तीरावर, तर भगवंतगड उत्तर तीरावर आहे. पहिला वाडीकर सावंतांचा. दुसरा त्याला शह देण्यासाठी बावडेकरांनी उभारलेला. म्हणजे एके काळी ही खाडी दोन सत्तांची सीमा होती. आज दोन्ही गड मालवण तालुक्यातच असून ती खाडी तालुक्याच्या पोटात गेली आहे. उलटपक्षी कर्लीच्या मुखाशी देवबाग मालवण तालुक्यात, तर समोरचे भोगवे वेंगुर्ले तालुक्यात मोडते. होडीने सहज गाठता येणारे हे दोन तीर कागदोपत्री दोन कचेऱ्यांचे आहेत. पाणी दोन्ही ठिकाणी सारखेच. एके ठिकाणी ते सीमा उरले नाही, दुसऱ्या ठिकाणी उरले. हा भेद भूगोलाचा नसून सत्तांतराचा आहे. १८१२ मध्ये मालवण कोल्हापूरकरांकडून इंग्रजांकडे आले. १९४८ नंतर सावंतवाडी संस्थान रत्नागिरी जिल्ह्यात विलीन झाले. १९८१ मध्ये सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला. दर वेळी बदलला तो अंमल. खाडीकाठचा व्यवहार त्या हुकुमासरशी बदलला असे मानण्यास आधार नाही.

या परिमाणाचा दोष भाषाभ्यासात विशेष जाणवतो. ग्रियर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणाच्या १९०५ च्या सातव्या खंडात येथील बोली ‘कुडाळी’ या नावाने कोकणीखाली नोंदली आहे. आज ती सर्वत्र ‘मालवणी’ म्हणून ओळखली जाते. दोन्ही नावे एकेका ठाण्यावरून आलेली. कुडाळ संस्थानी मुलखात, तर मालवण इंग्रजी अंमलात होते; बोली मात्र दोन्हीकडे पसरलेली होती. बोलीची व्याप्ती ठाण्याच्या हद्दीएवढी मानण्याचा मोह अशा नावांमुळेच बळावतो. तालुकावार नमुने गोळा करणारा संशोधक देवबाग व भोगवे यांना आरंभीच दोन गटांत टाकतो आणि अखेरीस जो भेद दाखवितो, तो त्याने स्वतःच मांडणीत घातलेला असतो.

गॅझेटियर त्याज्य ठरवावा, असा याचा अर्थ नव्हे. आकडे तालुकावारच मिळणार. ते तसेच वापरावेत. परंतु क्षेत्रीय अभ्यासाचा घटक म्हणून खाडी व तिचे दोन्ही तीर घ्यावेत आणि तालुक्याची सीमा ही गृहीत न धरता सिद्ध करावयाची गोष्ट मानावी. सीमा खरोखर भाषेची असेल, तर ती या कसोटीलाही उतरेल.