तेल-सुरक्षा: कोणाची आणि कशापासून?

‘तेल-सुरक्षा’ हा शब्द आपण इतक्यांदा वाचतो की त्याचा अर्थ विचारायचं राहूनच जातं. सुरक्षा म्हटली की दोन प्रश्न येतात. कोणाची? आणि कशापासून? सौदी अरेबियाबद्दल हे प्रश्न आज आम्ही एका कादंबरीच्या सोबतीनं विचारणार आहोत.

अब्दुल रहमान मुनीफ यांची ‘मिठाची शहरं’ ही ती पाच खंडांची कादंबरी. पहिला खंड १९८४ चा. मुनीफ तेलाच्या अर्थशास्त्राचे डॉक्टर. सौदी राजवटीनं त्यांचं नागरिकत्व काढून घेतलं आणि पुस्तकावर बंदी घातली. कादंबरीत एका मरूद्यानात परके लोक येतात, मग यंत्रं येतात आणि खजुरीची झाडं उपटली जातात. मितेब नावाचा माणूस आधीपासून बजावत असतो, त्याचं कोणी ऐकत नाही. तो निघून जातो आणि दिसेनासा होतो. पुढे हर्रान बंदरात अमेरिकनांची वसाहत वेगळी, अरब मजुरांची छावणी वेगळी. शेवटी संप होतो आणि गोळ्या चालतात.

१९८८ मध्ये जॉन अपडाइक यांनी हिच्यावर टीका केली. त्यांची तक्रार अशी, की हिच्यात मध्यवर्ती नायक नाही, म्हणून ती कादंबरीसारखी वाटत नाही. आम्हाला ही टीका पटत नाही. इथे एका माणसाचं काही हरवत नाही, सगळ्यांचं मिळून हरवतं. मग नायक आणायचा कुठून? उलट मुनीफ दाखवतात ते असं: या राज्यात पहारा आधी येतो, नागरिक नंतर. पुष्कळदा येतच नाही.

आता वास्तवाकडे बघा. फेब्रुवारी २००६ मध्ये अल् कायदानं अबकैकच्या तेल-प्रक्रिया केंद्रावर स्फोटकांनी भरलेल्या गाड्या घातल्या. पहारेकऱ्यांनी हल्ला परतवला. सप्टेंबर २०१९ मध्ये त्याच अबकैकवर ड्रोन आणि क्षेपणास्त्रं आली. दिवसाला सुमारे ५७ लाख बॅरलचं उत्पादन, म्हणजे देशाचं निम्मं, थांबलं. जगाला ताबडतोब काळजी लागली. काळजी खोटी नव्हती, आपल्याही चुली त्या तेलावर आहेत. पण ती बॅरलची काळजी होती.

मे २००४ मध्ये खोबरला दहशतवाद्यांनी २२ जणांना मारलं, त्यांत ८ भारतीय होते. पोटासाठी तिकडे गेलेली माणसं. ती आज कोणाच्या लक्षात आहेत? दहशतवादाला आम्ही ‘अन्यायाची प्रतिक्रिया’ म्हणून सोडून देणार नाही. खोबरच्या मारेकऱ्यांनी धर्म विचारून माणसं निवडली. त्यांना मितेबचे वारसदार म्हणणं हा मितेबचा अपमान आहे.

पण राजवटही नेमकी हीच गल्लत करते. दहशतवादी खटल्यांसाठी २००८ मध्ये तिथे विशेष न्यायालय उभं राहिलं. २०१४ च्या नियमांत नास्तिक विचारसुद्धा दहशतवादात मोडला. डिसेंबर २०२० मध्ये त्याच न्यायालयानं लुजैन अल्-हथलूल यांना शिक्षा दिली. स्त्रियांना गाडी चालवू द्या म्हणणारी ही बाई. बॉम्ब ठेवणारा आणि अर्ज करणारी एकाच खात्यात! मग ‘कशापासून सुरक्षा?’ याचं उत्तर उघड होतं: प्रश्नापासून.

कादंबरीची एक उणीवही सांगितली पाहिजे. तिच्यात धर्माची राजकीय ताकद फार पुसट आहे. २० नोव्हेंबर १९७९ ला मक्केच्या मुख्य मशिदीचा ताबा जुहैमानच्या सशस्त्र अनुयायांनी घेतला. राजवटीनं बंड मोडलं, पण त्यानंतर समाजावरची धार्मिक बंधनं आणखी आवळली. म्हणजे बंडखोर मेले आणि त्यांच्या काही मागण्या मात्र जगल्या. तेल, तलवार आणि धर्मपीठ यांच्या या तिठ्यावर मुनीफ पुरेसे थांबत नाहीत. ते सगळा दोष तेलावर आणि परक्यांवर टाकतात, त्यामुळे घरातला दोष निसटतो.

तरी पुस्तक वाचाच. पाइपलाइनीला कुंपण घालता येतं, तक्रारीला घालता येत नाही. जिथे शांतपणे बोलणारा मितेब हद्दपार होतो, तिथे पुढे फक्त दोघांचे आवाज उरतात: पहारेकऱ्याचा आणि मारेकऱ्याचा.

इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न.