मुक्त वादनाला छबिलदास हवे

मेनकाबाई शिरोडकर जयपूर-अत्रौली घराण्याच्या अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या. त्यांची बेळगावात जन्मलेली मुलगी म्हणजे ठुमरी-दादऱ्याच्या थोर गायिका शोभा गुर्टू. शोभाताईंचे चिरंजीव त्रिलोक गुर्टू १९५१ साली मुंबईत जन्मले, तबला शिकले आणि सत्तरच्या दशकात युरोपात गेले. तिथे त्यांनी डॉन चेरींसारख्या मुक्त जॅझच्या वादकाबरोबर वाजवले. जमिनीवर बसून तबला आणि ड्रम एकत्र वाजवायची स्वतःची मांडणी त्यांनी घडवली, बादलीभर पाण्यात वाद्ये बुडवून नाद काढले. १९८८च्या ‘उस्फ्रेट’ या त्यांच्या ध्वनिमुद्रिकेत आई गाते आणि चेरीही वाजवतात. जयपूर-अत्रौली घराण्याचा एक धागा असा थेट प्रयोगशील वादनापर्यंत जातो. मात्र तो फुलला हॅम्बुर्गच्या बाजूला, गिरगावात नव्हे. मला ही आपल्या संगीतव्यवहाराची मोठी उणीव वाटते.

मुक्त वादनात राग, ताल, बंदिश काहीच आधी ठरलेले नसते. दोघे-चौघे बसतात आणि एकमेकांना ऐकत संगीत रचतात. यावर आपला जाणता श्रोता विचारतो, आमचे गाणे मुळातच उपजेचे, मग हे वेगळे कशाला? आक्षेप वजनदार आहे. ब्रिटिश गिटारवादक डेरेक बेली यांनी १९८०मध्ये उत्स्फूर्त संगीतावर पुस्तक लिहिले, तेव्हा त्यांनीही सुरुवात भारतीय संगीतापासूनच केली. पण मैफलीत गायक कितीही दूर गेला तरी सम येणार हे श्रोत्याला ठाऊक असते. मुक्त वादनात ती हमी नसते. समोरच्याने आत्ता काय केले, एवढाच आधार. आणि परंपरेचे म्हणाल, तर खुद्द खाँसाहेबांचा आवाज ऐन उमेदीत बिघडला, तेव्हा उरलेल्या आवाजातून त्यांनी नवी गायकी उभी केली. आज आपण ज्याला शुद्ध घराणे म्हणतो ते एका धाडसी प्रयोगातून आले आहे.

असे धाडस वारंवार करायला जागा लागते. १९६६पासून लंडनमध्ये ड्रमवादक जॉन स्टीव्हन्स आणि त्यांचे सोबती ‘लिटल थिएटर क्लब’ या चिमुकल्या नाट्यगृहात नाटक संपल्यावर रात्री उशिरा वाजवत. त्या खोलीतून युरोपच्या मुक्त संगीताची एक पिढी घडली. आपल्याकडे नाटकाने हे करून दाखवले. १९७४पासून ‘आविष्कार’ या नाट्यसंस्थेने दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात प्रायोगिक रंगभूमी रुजवली. तिथे फसलेले प्रयोगही होत, त्यांवर लिहिले जाई, वाद होत. संगीताच्या वाट्याला असे छबिलदास आलेच नाही.

लोअर परळच्या मथुरादास मिलमध्ये २००७ साली ‘ब्लू फ्रॉग’ हे संगीताचे ठिकाण उघडले. ध्वनिव्यवस्था उत्तम, देशोदेशीचे वादक येत. पण खर्च खाण्यापिण्याच्या बिलावर निघायचा असेल, तर चाळीस मिनिटे दबक्या आवाजात चाललेले वादन कोणत्या मालकाला परवडेल? २०१६मध्ये तेही बंद झाले. आज महालक्ष्मीचे ‘जी-फाइव्ह-ए’, वर्सोव्याचे ‘हरकत स्टुडिओज’ अशा छोट्या जागा नव्या कामाला दार उघडतात. राणा घोष यांच्या ‘लिसनिंग रूम’ मालिकेने निव्वळ ऐकायला येणारा श्रोता शहराशहरांत गोळा केला. या उपक्रमाचे मोल मला फार वाटते.

प्रत्यक्ष ऐकू येते त्याचे काय? बरेचसे निराश करणारे. प्रयोगाच्या नावाखाली फ्यूजनच चालते: सतारिया आपला रियाज वाजवतो, गिटारवाला आपला, आणि शेवटी सवाल-जवाब करून दोघे समेवर भेटतात. लॅपटॉप घेऊन बसणारे एकच लांबलचक गुंजन पसरून ठेवतात, त्यात चूकही ऐकू येत नाही आणि शोधही. शांततेची सर्वांना भीती. हा दोष मी प्रतिभेचा मानत नाही. जी जोडी वर्षातून एकदा भेटते ती धोका पत्करणार कशी? हुकमी टाळीकडेच वळणार. शिवाय मराठी वृत्तपत्रांत या वादनाची समीक्षा जवळजवळ नाहीच, त्यामुळे बरे काय आणि पोकळ काय हे वादकाला सांगणारे कोणी नाही.

ज्या शहराचे नाव आपण गायकीला दिले त्या जयपुरातही जागेचा हाच प्रश्न उभा आहे. चार्ल्स कोरियांनी रचलेले जवाहर कला केंद्र आणि रामनिवास बागेतला रवींद्र मंच या तिथल्या मानाच्या जागा, दोन्ही जुन्या शहराच्या दक्षिणेला. वायव्येला झोटवाडा हे उपनगर आहे, कारखान्यांचे आणि दाट वस्तीचे. मुक्त वादनाला खरे तर अशीच उपनगरे मानवतील, कारण त्याला मखमली खुर्च्या लागत नाहीत. तीस-चाळीस माणसे मावतील अशी खोली, बंद होणारे दार आणि शेजाऱ्यांची संमती एवढे पुरते.

झोटवाड्यात असो, डोंबिवलीत वा कोल्हापुरात, ज्यांच्या ताब्यात शाळेचे सभागृह, मंडळाची खोली किंवा संध्याकाळी रिकामी राहणारी कार्यशाळा आहे, त्यांना माझी विनंती आहे: महिन्यातली एक रात्र, सलग वर्षभर, त्याच तीन-चार वादकांना द्या. तिकीट लावा, भाडे मात्र घेऊ नका. आणि संपादकांनो, पहिल्या रात्रीऐवजी सहाव्या रात्री समीक्षक पाठवा.