फळे, रिकामे पोट आणि ‘शुद्धी’

हार्वे आणि मॅरिलिन डायमंड यांचे ‘फिट फॉर लाइफ’ हे पुस्तक १९८५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाले आणि प्रचंड खपले. दुपारी बारापर्यंत फळे किंवा त्यांचा ताजा रस यांखेरीज काही खाऊ नये. फळ रिकाम्या पोटीच खावे, जेवणावर खाल्ल्यास ते पोटात कुजते. पिष्टमय पदार्थ आणि प्रथिने एका जेवणात एकत्र आणू नयेत. असे वागल्यास शरीरात साठलेली विषद्रव्ये निघून जातात, ही त्याची शिकवण. पुस्तकाचे नाव न ऐकलेले शिक्षकही यातले निम्मे उपदेश ओळखतील. मोबाइलवर ते मराठीतून फिरत असतात. म्हणून ते तपासून पाहणे आम्हांला गरजेचे वाटते.

पुस्तकात शरीराचे वेळापत्रकच दिले आहे. दुपारी १२ ते रात्री ८ अन्नग्रहण, ८ ते पहाटे ४ सात्मीकरण, ४ ते दुपारी १२ उत्सर्जन. जणू कारखान्यातल्या तीन पाळ्या! प्रत्यक्षात मूत्रपिंडे चोवीस तासांत सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि यकृत अमोनियाचे युरियात रूपांतर करीतच असते. दिवसरात्रीनुसार वेग कमीजास्त होतो, पण काम थांबत नाही. शिवाय बाहेर पडणारे ‘विष’ कोणते, किती, ते लघवीत मोजले का, याची उत्तरे मिळत नाहीत. बरे वाटले तर शुद्धी झाली, डोके दुखले तर विष बाहेर पडते आहे, असे शुद्धिवादी सांगतात. कोणत्याही निरीक्षणाने खोटे ठरू न शकणारे हे विधान नववी-दहावीच्या वर्गात चर्चेला घेण्याजोगे आहे.

कुजण्याचे काय? जठरातील तीव्र आम्लात बहुतेक जीवाणू वाढत नाहीत. फळ इतर अन्नाबरोबर घुसळले जाते आणि पुढे सरकते. किण्वन होते ते मोठ्या आतड्यात, तंतूंवर. फळ केव्हाही खाल्ले तरी होते, आणि ते उपकारकच आहे. पिष्ट-प्रथिनांचे वैर तर वरणाच्या वाटीतच निकालात निघते. तूरडाळीत सुमारे २२ टक्के प्रथिने आणि निम्म्याहून अधिक कर्बोदके निसर्गानेच एकत्र घातली आहेत. आईच्या दुधातही प्रथिने, साखर आणि मेद एकत्रच असतात. स्वादुपिंड या तिन्हींसाठीची विकरे एकाच रसातून सोडते.

मग लोकांना गुण का येतो? तळलेल्या न्याहारीऐवजी पपई-पेरू खाल्ला तर तंतू आणि क जीवनसत्त्व मिळते, पोट साफ होते. हा लाभ खरा आहे. जागतिक आरोग्य संघटना रोज किमान ४०० ग्रॅम फळे-भाज्या खायला सांगते, त्यात फळांचा वाटा हवाच. (रस गाळला की मात्र तंतू बहुतांशी जातात.) परंतु केवळ फळांवर राहिल्यावर पहिल्या काही दिवसांत घटणारे एक-दोन किलो मुख्यतः ग्लायकोजेन आणि त्याने धरून ठेवलेले पाणी असते. नेहमीचे जेवण सुरू होताच ते परतते.

धोका फळात नसून ‘फक्त’ या शब्दात आहे. किलोभर पपईतून जेमतेम ५ ग्रॅम प्रथिने मिळतात. ६० किलो वजनाच्या माणसाला रोज सुमारे ५० लागतात. ब-१२ जीवनसत्त्व फळांत नसते. मधुमेहाची औषधे घेणाऱ्याची साखर अचानक उतरू शकते, तर मूत्रपिंडे दुर्बल असलेल्याला केळी-शहाळ्यातले पोटॅशियम घातक ठरू शकते.

फळ जेवणाची जागा घेते तेव्हा काय घडू शकते, याचे अतिशय दुःखद उदाहरण बिहारमधील मुजफ्फरपूरचे आहे. तिथे २६ मे ते १७ जुलै २०१४ या काळात दोन रुग्णालयांत ३९० मुले दाखल झाली. त्यांपैकी १२२ दगावली. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या भारत-अमेरिका संयुक्त अभ्यासात या आजाराचा संबंध लिची खाण्याशी आणि रात्रीचे जेवण चुकण्याशी आढळला. लिचीतील हायपोग्लायसिन-ए आणि एमसीपीजी ही द्रव्ये मेदापासून ऊर्जा आणि नवी साखर तयार होण्यात अडथळा आणतात. पोटभर जेवलेल्या मुलाच्या यकृतात ग्लायकोजेन असते, ते निभावून नेते. कुपोषित मुलाचा साठा रात्रीतच संपतो, साखर कोसळते, पहाटे झटके येतात. मुलांना लिची बेताने द्यावी, रात्रीचे जेवण चुकवू नये आणि आजारी मुलाला ताबडतोब ग्लुकोज द्यावे, अशी शिफारस संशोधकांनी केली.