ओठांवर वळलेले नाव

इंग्लिश ग्रामीण बोलीतले सौम्य उद्गार आपले अनुवादक बहुधा ‘अरे बापरे’ किंवा ‘अगं बाई’ लिहून मोकळे होतात. अर्थ फारसा बिघडत नाही. पण त्या उद्गारांत दडलेली देवाची दुसरी आज्ञा गळून पडते. यॉर्कशायर-लँकेशायरचा शेतकरी आश्चर्याने ‘बाय गम’ म्हणतो, त्यातला ‘गम’ म्हणजे मूळचा ‘गॉड’. वैतागलेल्या म्हातारीचा ‘ड्रॅट’ हा देवाचे नाव घेऊन दिलेल्या शापाचा झिजलेला अवशेष. नाव ओठांवर येते आणि ऐन वेळी वळण घेते.

या वळणाला कायद्याचाही धाक होता. रंगभूमीवर देवाचे नाव थट्टेने घेणाऱ्यास १६०६च्या कायद्याने दहा पौंड दंड ठरला. १६२२ साली छापलेल्या ‘ऑथेल्लो’तला ‘झाउंड्स’, म्हणजे ख्रिस्ताच्या जखमांची आण, १६२३च्या संग्रहात दिसत नाही. परंतु केवळ दंडाच्या भीतीने शब्द पिढ्यान्‌पिढ्या टिकत नाहीत. १५५९मध्ये इंग्लंडात मिस्सा कायद्याने बंद झाली, तरी शेक्सपियरची पात्रे सहज ‘मॅरी’ म्हणून जातात. ते नाव पवित्र मरियेचेच. ‘मिडसमर नाइट्स ड्रीम’मधला एक कारागीर (नावाला अथेन्सचा, बोलण्याने अस्सल इंग्लिश गावकरी) तर ‘बायर लेकिन’ म्हणतो, म्हणजे ‘आमच्या लाडक्या माउलीची आण’. वेदीवरून उतरवलेली माता बोलीत राहिली, बहुधा बोलणाऱ्याच्याही नकळत.

आता एमिली ब्राँटेची ‘वदरिंग हाइट्स’ (१८४७) पाहावी. तिच्यातला यॉर्कशायरी नोकर जोसेफ देवाचे नाव वळवीत नाही. पहिल्याच प्रकरणात पाहुण्याचा घोडा हाती घेताना तो प्रभूचा धावा करतो, तोही कुरकुरीच्या सुरात! १८५०च्या आवृत्तीत थोरली बहीण शार्लट हिने त्याची बोली दक्षिणेकडील वाचकांसाठी सुगम केली. मात्र शिवराळ शब्द आद्याक्षराने सूचित करून झाकण्याची रीत तिने प्रस्तावनेत निष्फळ ठरवली. मला तिचे म्हणणे अर्धेच पटते. छापील रेघ लेखकाने नंतर ओढलेली असते आणि वाचक मनात शब्द पुरा करतोच. ‘बाय गम’मध्ये बोलणारा स्वतःच, भावनेच्या भरात, स्वतःला आवरतो. कोणी याला पळवाट म्हणेल. पण आज्ञा अधिक कोण मोडतो, हा शेतकरी की शब्दशः धार्मिक असलेला जोसेफ?

अनुवादकाची अडचण खरी आहे. आपला ‘जेजू!’ किंवा गोव्यातला ‘सायबा, भोगोस!’ येथे उपयोगाचा नाही. त्यांत नाव पूर्ण उच्चारले जाते, कारण ती छोटी प्रार्थनाच असते. मराठीत झिजलेले उद्गार पुष्कळ, पण त्यांतले बरेच आईवरच्या शिवीचे. ‘बाय गम’ला त्यातल्या त्यात जवळचा म्हणजे नुसता ‘शप्पथ!’, ज्याची शपथ त्याचे नाव न घेता. ‘ड्रॅट’ला एखाद्या कोकणी म्हातारीचे ‘जळ्ळं मेलं’ चालावे, देव त्यात नसला तरी.