तर्काच्या पाठ्यपुस्तकांतील ‘जर-तर’

तर्कशास्त्राचीं प्रवेशपुस्तकें आम्हीं आजवर पुष्कळ चाळलीं व वर्गांत शिकविलीं. त्यांतील ‘जर-तर’ वाक्यांचें प्रकरण बहुधा सर्वांत निष्फळ ठरतें, असा आमचा अनुभव आहे. त्यांतील सिद्धांत चुकीचा आहे असें नव्हे. पूर्वांग खरें असून उत्तरांग खोटें असेल तेव्हांच असें वाक्य खोटें, हा नियम ख्रिस्तपूर्व ३०० च्या सुमारास मेगारा पंथाच्या फिलोनें मांडला, व प्राथमिक तर्कशास्त्र आजहि तोच मानतें. आमचा आक्षेप क्रमाविषयीं आहे. चार ओळींचें कोष्टक आधीं येतें, अर्थ मागाहून. आणि विद्यार्थी कोष्टक तेवढें पाठ करतो.

वस्तुतः हा अर्थ त्यास घरींच कळलेला असतो. ‘पास झालास तर घड्याळ देईन,’ असें वडील म्हणाले. मुलगा नापास झाला, तरी त्यांनीं घड्याळ दिलें, तर वचन मोडलें काय? मुळींच नाहीं. पास होऊनहि दिलें नाहीं, तरच मोडलें. कोष्टकाचें सारें रहस्य एवढेंच आहे.

याला प्रयोगाचाहि आधार आहे. पीटर वेसन यांनीं १९६६ सालीं प्रसिद्ध केलेल्या कोड्यांत चार पत्ते असतात. एका बाजूस स्वर असल्यास दुसऱ्या बाजूस सम अंक असतो, हा नियम पडताळण्यास कोणते पत्ते उलटावेत? स्वराचा आणि विषम अंकाचा. परंतु बहुतेक सुशिक्षितांनीं विषम अंकाचा पत्ता सोडून दिला. पुढें १९८२ सालीं ग्रिग्ज व कॉक्स यांनीं फ्लॉरिडांत तेंच कोडें मद्यपानाच्या वयोमर्यादेच्या रूपानें घातलें, तेव्हां बहुतेकांस तें सुटलें. नियमभंग कोठें शोधावा, हें माणसास व्यवहारांत कळतें. पुस्तकानें तेथूनच आरंभ करावा.

आपल्या नैयायिकांनीं तसेंच केलें. धूर तेथें अग्नि खरा. परंतु अग्नि तेथें धूर असेलच असें नाहीं, हें दाखविण्यास त्यांनीं तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा पुढें ठेवला.

हा वाद केवळ परीक्षेपुरता नाहीं. घरांतील दागिना सांपडेनासा होतो. चोरी करणारा गडबडतो, गडी गडबडला, म्हणून गडी चोर! संशयाच्या नजरेनें निरपराधहि गडबडतो, हें त्या क्षणीं कोणास सुचत नाहीं. कोष्टक विसरलें तरी चालेल. पण अशा वेळीं तो लोखंडाचा गोळा आठवला, तर शिकविणें कारणीं लागलें असें आम्ही समजूं.